अधिकार उतरल्यावर

अधिकार मिळावा कसा याची चिंता करणारे जगात पुष्कळ आहेत. मिळालेला अधिकार चालवावा कसा, यावर आपल्याकडे राजनीतीचे ग्रंथही आहेत. परंतु अधिकार गेल्यावर माणसाने उरलेल्या आयुष्याचे करावे काय, हा विचार फारसा कोणी करीत नाही. पूर्वी राजा म्हातारा झाला म्हणजे मुलाला गादीवर बसवून वनात जाई, प्रश्न मिटला. आता तशी वने राहिली नाहीत आणि अधिकारही जन्मभराचा राहिला नाही. चार-पाच वर्षांची मुदत असते. ती सरली, मते पडली नाहीत, की काल ज्याच्या दारात मोटारींची रांग होती त्याच्या दारात आज पेपर टाकणाऱ्या पोराखेरीज कोणी फिरकत नाही. वय पंचावन्न-साठ, प्रकृती ठणठणीत, नाव सर्वांच्या तोंडी, आणि हाताला काम नाही. अशा माणसाचा धर्म कोणता?

हा प्रश्न राजकारणी पुरुषांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे वाचकांनी म्हणू नये. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण झाले असे की, एका गावच्या सप्ताहातले काल्याचे कीर्तन बावीस वर्षे आमच्याकडे होते. गेल्या साली तिथली पंचमंडळी घरी आली. चहा झाला, पाऊसपाण्याचे बोलणे झाले, आणि मग त्यांतले एक जण खाली पाहत म्हणाले, "महाराज, यंदा काल्याला एक तरुण महाराज सांगितलेत. तुमचा आवाज आता पहिल्यासारखा लागत नाही. पण तुम्ही यायचंच बरं का! टाळकऱ्यांत उभं राहायचं." आम्ही तोंडाने 'रामकृष्ण हरी' म्हटले, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. जन्मभर लोकांना 'मी-माझे टाका' म्हणून सांगितले, आणि स्वतःचे एक कीर्तन गेले तर अंगाचा दाह झाला! तेव्हा उमगले की, गादी लहान असो वा मोठी, उतरताना पाय अडखळतो तो सारखाच.

श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजाची कथा आहे. ती आम्ही कीर्तनात शेकडो वेळा लावली असेल. या राजाने एवढे मोठे राज्य मुलांना वाटून दिले आणि तो गंडकीतीरी पुलहाश्रमात जाऊन राहिला. एके दिवशी सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या गाभण हरिणीने नदीत उडी घेतली. तिचे पाडस प्रवाहात पडले आणि ती मेली. राजाने पाडस वाचविले. पुढे त्याचे खाणे, त्याचे खेळणे, त्याची काळजी यांतच राजाचे नित्यकर्म बुडाले. मरतेसमयी डोळ्यांपुढे तेच आले आणि पुढचा जन्म हरिणाचा मिळाला. ही कथा सांगताना आम्ही नेहमी म्हणत असू की, पाहा, राज्य सुटले पण पाडस सुटले नाही! श्रोते माना डोलवीत. परंतु त्या रात्री आम्हांला एक शंका आली. बुडते पाडस वाचविणे हा काय दोष झाला? ते न वाचविता राजा डोळे मिटून बसला असता तर त्याला आपण ज्ञानी म्हटले असते का? मग दोष नेमका कुठे शिरला?

या शंकेचे समाधान आम्हांला एका परदेशी माणसाच्या चरित्रात सापडले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे ते चरित्र होय. वारकऱ्यांच्या मासिकात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचे काय काम, असे कोणी विचारील. थोडे थांबा, विक्रोळी, लोणावळे आणि आपल्या बापजाद्यांच्या पायांतला नारू हे तिन्ही या कथेत येणार आहेत.

कार्टर हे जॉर्जिया प्रांतातल्या प्लेन्स नावाच्या खेड्यातले. वस्ती जेमतेम सहा-सातशे. घरी भुईमुगाची शेती आणि व्यापार. १९७७ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले. १९८० च्या निवडणुकीत पन्नासांपैकी चव्वेचाळीस राज्यांनी त्यांच्याविरुद्ध कौल दिला. इराणमध्ये अमेरिकेच्या वकिलातीतली बावन्न माणसे ४४४ दिवस ओलीस होती. त्यांच्या सुटकेसाठी कार्टरांनी शेवटच्या रात्रीपर्यंत खटपट केली. ती माणसे सुटली केव्हा? २० जानेवारी १९८१ रोजी, नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी झाल्यावर काही मिनिटांनी! झाड लावले एकाने आणि फळ पडले दुसऱ्याच्या ओटीत. घरी येऊन पाहतात तो विश्वस्तांच्या हाती सोपविलेल्या धंद्यावर सुमारे दहा लाख डॉलरांचे कर्ज. वय छप्पन्न. पत्नी रोझलिनबाईंना हा पराभव फार लागला होता. माणूस मोडून पडायला आणखी काय लागते?

अशा वेळी दोन वाटा असतात. एक, बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर बसावे, भाषणांचे मोल घ्यावे, म्हणजे गेलेल्या अधिकाराची पेन्शन दोनदा खावी. दुसरी, घरात बसून नव्या गादीवाल्याचे दोष मोजावेत. कार्टरांनी धंदा विकून कर्ज फेडले, पोटासाठी पुस्तके लिहिली, आणि १९६१ साली बांधलेल्या आपल्या साध्याच घरात अखेरपर्यंत राहिले. १९८२ साली अटलांटा शहरी एमरी विद्यापीठाच्या साहाय्याने त्यांनी 'कार्टर सेंटर' ही संस्था काढली. १९८६ पासून या संस्थेने जे काम हाती घेतले ते ऐकून आमच्या पिढीच्या माणसांच्या अंगावर काटा येईल. ते काम म्हणजे नारूचे उच्चाटन.

नारू म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावे लागते, हेच मोठे भाग्य म्हणायचे. आमच्या लहानपणी गावाबाहेर पायऱ्यांची बारव होती. बायका पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घागरी भरीत. त्या पाण्यात डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक जिवांच्या पोटात नारूचे बीज असे. ते पाणी प्यायले की वर्षभराने पायाला फोड येई, आग आग होई, आणि फोड फुटून दोऱ्यासारखा किडा डोके काढी. त्याची लांबी दोन-तीन फूट. तो ओढला तर तुटतो, आणि तुटला तर पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळून रोज बोट-दोन बोटे बाहेर काढायचा. आमच्या आळीत एक वृद्ध गृहस्थ ऐन पेरणीच्या दिवसांत असे काडी धरून ओसरीवर बसलेले आम्ही पाहिले आहेत. शेत पडीक आणि मालक ओसरीवर! आग शमावी म्हणून रोगी पाय पाण्यात घाली, आणि त्याच क्षणी किडा पाण्यात हजारो पिले सोडी. म्हणजे एकाच्या दुःखाचा उपाय तोच साऱ्या गावाच्या दुःखाचे मूळ.

या रोगावर औषध नाही आणि लसही नाही. उपाय एवढाच की, पाणी फडक्याने गाळून प्यावे, नारू झालेल्याने पाण्यात पाय घालू नये, पाण्यात औषध टाकून ते बारीक जीव मारावेत, आणि पायऱ्यांच्या विहिरीऐवजी हातपंपाचे पाणी प्यावे. गंमत अशी की, पाणी वस्त्राने गाळून प्यावे हा नियम आपल्या स्मृतिकारांनी सांगितला तो संन्याशाला! ज्याने सर्व सोडले त्याने निदान पाण्यातल्या जिवाला जपावे, हा त्यातला भाव. तोच नियम माणसाचा जीव वाचवायला उपयोगी पडला.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशातला नारू कार्टरांनी घालविला नाही. तो आपल्याच सरकारच्या मोहिमेने आणि गावोगाव हिंडणाऱ्या आरोग्यसेवकांनी घालविला. शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. त्या सेवकांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. पण जगात १९८६ साली वर्षाला सुमारे पस्तीस लाख माणसांना नारू होत असे, त्यांत आफ्रिकेतले देश फार होते, आणि तिथे हे काम नेटाने चालविणाऱ्यांत कार्टरांची संस्था अग्रभागी होती. ते स्वतः त्या देशांत हिंडले, तिथल्या राज्यकर्त्यांना भेटले. १९९५ साली सुदानात यादवी युद्ध चालू होते; तेव्हा दोन्ही पक्षांना सांगून त्यांनी जवळजवळ सहा महिने लढाई थांबविली, कशासाठी, तर आरोग्यसेवकांना गावांत शिरता यावे म्हणून. अहो, ज्याच्या एका शब्दावर आरमारे हलत होती, तो माणूस आता पाणी गाळायच्या फडक्यासाठी तह करीत होता!

हे वळण त्यांना कुठून लागले? आम्हांला वाटते, आईकडून. लिलियनबाई या परिचारिका होत्या. वैधव्य आलेले, मुले मोठी झालेली, अशा वेळी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ साली, त्या अमेरिकेच्या शांतिसेवकांच्या पथकातून भारतात आल्या आणि मुंबईजवळ विक्रोळीच्या कामगार वस्तीत १९६८ पर्यंत राहिल्या. दवाखान्यात गोरगरिबांची, महारोग्यांची शुश्रूषा केली. त्या वेळी त्यांचा मुलगा राष्ट्राध्यक्ष नव्हता आणि त्यांच्या नावाला कसलीही पदवी नव्हती. पुढे १९७७ साली त्या राष्ट्राध्यक्षांच्या मातोश्री म्हणून सन्मानाने भारतात आल्या. पण दोन्हींतली खरी भेट कोणती, हे विक्रोळीच्या रोग्यांना विचारावे. ज्या घरात पदावाचून सेवा कशी करावी हे आईने दाखविले, त्या घरातल्या मुलाला पद गेल्यावर वाट शोधायला फार लांब जावे लागले नाही.

तो मुलगाही पुढे आपल्या मुलखात आला, तोही हातोडा घेऊन. गरिबांना घरे बांधून देणाऱ्या एका संस्थेसाठी कार्टर पतिपत्नी १९८४ पासून वर्षातला एक आठवडा स्वतः सुतारकाम-गवंडीकाम करीत. २००६ साली तो आठवडा लोणावळ्याजवळ मळवली येथे झाला. शंभर घरांचे काम होते. वय ब्याऐंशी. २०१९ साली, पंचाण्णव वर्षांचे असताना, घरात पडून कपाळाला चौदा टाके पडले. तरी दुसऱ्या दिवशी नॅशव्हिल गावी कामावर हजर! गावाकडे असले म्हणजे रविवारी आपल्या देवळात धर्मपाठ घेत आणि देवळाच्या आवारातले गवतही कापीत.

आता पूर्वपक्ष ऐका. कोणी म्हणेल, "महाराज, हे सगळे ठीक. पण हे त्यांना जमले ते पूर्वी राष्ट्राध्यक्ष होते म्हणून. तुमच्या-आमच्यासारख्याने सुदानात जाऊन लढाई थांबवा म्हटले असते तर कोण थांबले असते? तेव्हा अधिकार सुटला कुठे? त्याची सावली तर राहिलीच." शंका खरी आहे. तिला उत्तर वेदान्तातल्या कुंभाराच्या चाकाचे. कुंभार दांड्याने चाक फिरवितो. दांडा काढून घेतला तरी चाक काही वेळ फिरत राहते. ती गती मागच्या वेगाची. ती कुंभाराने मागितली नाही आणि त्याला ती एकदम थांबविताही येत नाही. तसेच मोठ्या अधिकाराचे. दांडा गेला, तरी नावाचा वेग राहतो. प्रश्न एवढाच की, चाक फिरत आहे तोवर त्यावर मडके कोणते घडवायचे? कुणी त्यावर स्वतःची मूर्ती घडवितो, कुणी तहानलेल्यासाठी घागर. वेग दोघांनाही उधारच मिळालेला आहे.

दुसरा पूर्वपक्ष याहून कठीण. कार्टरांनी गादी सोडल्यावर गादीच्या कामात हात घातला नाही असे नाही. १९९० साली, आखाती युद्धापूर्वी, आपल्याच देशाच्या सरकारच्या धोरणाविरुद्ध त्यांनी सुरक्षा समितीच्या सभासद देशांना पत्रे लिहिली. १९९४ साली ते उत्तर कोरियाला गेले आणि तिथे जे ठरले ते सरकारला कळविण्याबरोबर दूरचित्रवाणीवरही सांगितले. त्यामुळे तेव्हाचे अधिकारी चिडले. युद्ध टळावे हा हेतू आम्ही वंद्य मानतो. परंतु ज्याला लोकांनी आता निवडलेले नाही त्याने निवडलेल्याच्या वतीने बोलावे का, हा प्रश्न राहतोच. आम्हांला वाटते, इथे ते क्वचित पाडसामागे गेले. 'हे माझ्यावाचून कोण करणार' हा विचार मोठा फसवा आहे, कारण तो पुष्कळदा खराही असतो. साधू म्हणून त्यांचे पोवाडे गाण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. एका माणसाच्या आयुष्यात दोन्ही दिसतात, म्हणूनच तो दाखला उपयोगी.

तर मग भरत राजाचे समाधान काय? ते आता सांगतो. पाडस वाचविणे हा दोष नव्हता. ते चरायला लागले, त्याला कळप दिसू लागला, तेव्हा राजाने त्याला सोडून द्यायला हवे होते. पण याला मी हवा, या भावनेने राजा स्वतःच बांधला गेला. त्याने राज्य सोडले होते ते खरे, पण कुणाला तरी आपली गरज असावी ही भूक सोडली नव्हती. पद गेलेल्या माणसाला छळते ती हीच भूक. पैसा पुष्कळांपाशी असतो, मानही थोडाफार राहतो. पण सकाळी उठून आपल्यावाचून कुणाचे अडत नाही, हे सोसत नाही. मग माणूस सेवेच्या नावाखाली नवी गादी मांडतो. संस्था काढतो आणि तिचा मालक होतो. पुढच्या माणसाला उभे राहू देत नाही.

नारूचे काम मात्र याच्या उलट जातीचे. त्यात यश म्हणजे काय? तर ते कामच संपणे. गावातल्याच माणसाने गावातल्या पाण्यावर नजर ठेवायची, बायांनी स्वतः पाणी गाळायचे; बाहेरच्याची गरज उरायला नको. ज्या दिवशी गाव म्हणेल की आता तुमची आवश्यकता नाही, तो दिवस जिंकल्याचा. म्हणून आम्ही ही कसोटी धरली आहे: अधिकार उतरल्यावर जी सेवा माणूस करतो, तीत आपली गरज संपावी असे त्याला मनापासून वाटते की टिकावी असे? संपावी असे वाटले तर ती सेवा. टिकावी असे वाटले तर ते पाडस.

२००२ साली कार्टरांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. ते राष्ट्राध्यक्षपद सोडून तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. २०१५ साली कर्करोग झाल्याचे जाहीर करताना त्यांनी बोलून दाखविले की, आपल्या आधी शेवटचा नारू मरावा अशी आपली इच्छा आहे. ती इच्छा पुरी झाली नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभर वर्षांचे होऊन ते गेले, आणि त्या वर्षीही जगात पंधरा माणसांना नारू झालाच. पस्तीस लाखांवरून पंधरा! शिवाय मध्ये कुत्र्यांतही हा किडा आढळू लागल्याने काम लांबले. म्हणजे ओलिसांच्या वेळी झाले तेच पुन्हा झाले. शेवटचे फळ याही वेळी हातात पडले नाही. पण फरक पाहा. पहिल्या वेळी फळ दुसऱ्याच्या हाती गेले. या वेळी ते ज्या कुणाच्या हाती पडेल त्याचे नाव विचारायचे कारणच नाही. ते आफ्रिकेतल्या कुठल्या तरी पाणवठ्यावर एखाद्या अनोळखी बाईच्या घागरीत पडेल आणि तिला ते कळणारही नाही.

असो. आमचे सांगायचे राहिले. काल्याच्या दिवशी आम्ही त्या गावी गेलो. जाऊ नये असे तीनदा मनात आले. टाळ घेऊन मागच्या रांगेत उभे राहिलो. तरुण महाराजांचा आवाज गोड, पण चाल मध्येच सुटली. पूर्वीचे आम्ही असतो तर मनातून सुखावलो असतो. खोटे कशाला बोला, त्या दिवशीही क्षणभर सुखावलो. मग मागून हळूच चाल उचलून दिली. महाराजांनी ती धरली आणि पुढे निघाले. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही. वाईट वाटले, आणि बरेही वाटले. कोणते अधिक, हे आम्हांला अजून ठरविता आलेले नाही.

आता ते तरुण महाराज महिन्यातून दोनदा चाली शिकायला येतात. येताना आम्ही त्यांची वाट पाहतो, हे इथे कबूल करतो. त्यांचे येणे थांबेल, त्यांना आमची गरज उरणार नाही, तो दिवस आनंदाने यावा एवढे मागणे पांडुरंगाच्या चरणी आहे. वाचकांपैकी जे कोणी सरपंचकी, मास्तरकी, चेअरमनकी, नाहीतर नुसते घरातले वडीलपण उतरून ठेवण्याच्या वयाला आले असतील, त्यांनी आपापले पाडस कोणते, ते एकांतात बसून ओळखावे. आमचे आम्हांला दिसले आहे. ते अजून सुटलेले नाही.